इंदूरच्या कॅन्सर हॉस्पिटलातला ट्रायल विभाग, नानांची दोन वर्षं आणि ५ पैकी साडेतीन स्टार

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. जे चांगलं झालं ते तिथल्या दोन-तीन माणसांमुळे झालं आणि जे बिघडलं ते काही या एकट्या हॉस्पिटलचं दुखणं नाही, घरचा पेशंट घेऊन दुसरीकडे फिरलेल्या लोकांशी बोलले तर त्यांच्याकडूनही तेच ऐकलं. पण लिहायचं हे नक्की होतं. सुदामा नगरात आमच्याकडे कोणी चहाला आलं की अर्ध्या तासात आवाज खाली करून विचारतंच, नानांवर औषध टेस्ट करतायत म्हणे, खरं का? तर जे झालं ते सगळं सांगते.

नाना म्हणजे माझे सासरे, वय ७१, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, तंबाखू चाळीस वर्षांची. गालाच्या आतून जखम, दोन महिने दाताचा डॉक्टर दात घासत बसला, शेवटी बायॉप्सी केली आणि जे यायचं ते आलं. सर्जन म्हणाले लवकर सापडलंय, पण गालासोबत मानेतल्या गाठीही काढणार. नानांनी सरळ विचारलं, मानेला काही लागत नाहीये, हाताला गाठ नाही, सोनोग्राफी स्वच्छ, मग मान कशाला कापता? यावर सर्जननी दहा मिनिटं खर्च केली, ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असताना. सांगितलं की हा वाद पन्नास वर्षं चालू होता, मानेतल्या गाठी आधीच काढायच्या का दिसल्या की मग काढायच्या, आणि तो मिटवला आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलनं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमनं ५०० पेशंटचा हिशोब २०१५ मध्ये मांडला, ज्यांच्या गाठी आधीच काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते आणि ज्यांच्या बाबतीत वाट बघितली त्यांच्यातले साडेसदुसष्ट. नानांच्या मानेतून काढलेल्या गाठींपैकी एकीत कॅन्सर निघालाच. हाताला लागत नव्हता, पण होता.

हे आधी सांगण्याचं कारण असं की पुढे ट्रायलचं विचारलं तेव्हा नानांनी जे उत्तर दिलं ते यातून आलं. ते म्हणाले, त्या पाचशे लोकांनी नाही म्हटलं असतं तर माझी मान कोणी उघडली असती?

रेडिएशन संपल्यावर आम्हाला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. रेकॉर्ड रूमच्या शेजारी एक छोटी खोली, दारावर रिसर्च लिहिलेलं, आत दोन टेबलं, छतापर्यंत फाइली, एक छोटा फ्रीज आणि कोऑर्डिनेटर म्हणून एक मुलगी, असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. ट्रायल औषध कंपनीची नव्हती, वेगवेगळ्या शहरातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मिळून काढलेली. एक जुनी स्वस्त गोळी, पेटंट कधीच संपलेलं, ती उपचार संपल्यावर दीड वर्ष घेतली तर कॅन्सर परत येण्याचं प्रमाण कमी होतं का एवढंच बघायचं. अर्ध्या लोकांना गोळी, अर्ध्यांना नेहमीसारखं चेकअप, आणि कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टर नाही आणि आपणही नाही.

संमतीचा फॉर्म बावीस पानांचा. हिंदीत होता, पण हिंदी अशी की मी बँकेत वीस वर्षं काढलीयेत तरी दोन वाक्यांवर अडकले. मराठीत नव्हता, नानांना हिंदी येतं म्हणून चालून गेलं. पण त्या मुलीनं काय केलं, पेन्सिल घेतली आणि नानांच्या शेजारी खुर्ची ओढून एकेक पान वाचलं, जिथे नानांची मान हलली नाही तिथे पेन्सिलनं बारीक फुली मारली आणि शेवटी फक्त त्या फुल्यांवर परत आली. सही मागितलीच नाही. म्हणाली, बाबूजी, घर ले जाइए, दो दिन पढ़िए, फिर मन हो तो आइए. मी आजवर कुठल्याही ऑफिसात सहीसाठी असं थांबलेलं माणूस बघितलेलं नाही. आमच्याकडे कर्जाच्या कागदांवर लोक कशा सह्या करतात ते मला चांगलं माहितीये.

आता इंदूरकर म्हणून एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या शहरात ट्रायल हा शब्द काढला की लोक दचकतात आणि ते दचकणं उगीच नाही. २०१० च्या सुमारास इथल्या ट्रायलवरून केवढं वादळ उठलं होतं ते ज्यांनी तेव्हाचे पेपर वाचले त्यांना आठवत असेल, पेशंटना धड सांगितलंच नव्हतं असे आरोप होते. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचानं २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका टाकली आणि त्यातून सगळ्या देशाचे नियम बदलले. २०१३ मध्ये नुकसानभरपाईचा नियम आला, संमती घेताना व्हिडिओ काढा हाही आदेश त्याच वर्षी आला, आणि मग २०१९ मध्ये नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे अख्खे नवे नियमच झाले. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, भरपाई वेगळी, फॉर्मची एक कॉपी पेशंटच्या हातात द्यायलाच हवी, मधेच सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं आणि सोडलं म्हणून नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. ट्रायलला परवानगी देणारी आणि पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी जी एथिक्स कमिटी असते, तिच्यातले निदान निम्मे लोक त्या हॉस्पिटलच्या बाहेरचे हवेत. आज देशात कुठेही कोणी ट्रायलमध्ये जातं तेव्हा त्याच्या हातात येणाऱ्या कागदात इंदूरच्या लोकांच्या भांडणाचा वाटा आहे. आपण त्या भीतीवरच थांबलोय. नियम बदलून घेतलेत तर ते वापरायलाही हवेत.

तर नाना तिसऱ्या दिवशी स्वतःचं पेन घेऊन गेले आणि सही केली. कॉम्प्युटरनं त्यांना टाकलं चेकअपवाल्या गटात. गोळी नाही.

घरात अक्षरशः सुतक लागल्यासारखं झालं. हे म्हणजे माझे मिस्टर म्हणाले की मग काय उपयोग, ओळखीनं गोळी बाहेरून आणू, जुनीच आहे ना, कुठेही मिळेल. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पुण्याला नणंदेचा मुलगा स्टॅटिस्टिक्स शिकतो, त्याला फोन लावला. त्यानं सांगितलं ते मला पटलं आणि तसंच इथे लिहिते. तो म्हणाला, मामी, गोळीनं फायदा होतो हे माहीत असतं तर ट्रायल काढलीच नसती, ती सरळ सगळ्यांना दिली असती, त्या गोळीनं लिव्हर बिघडू शकतं, तोंडात फोड येऊ शकतात आणि कदाचित फायदा शून्यही निघेल, आज कुठला गट नशीबवान ते जगात कोणालाच माहीत नाहीये. आणि बाहेरून आणून दिलीत तर आजोबांचा आकडा खोटा होईल, मग शंभर लोकांनी खरेपणानं केलेल्यात एक खोटा मिसळला. नानांनी स्पीकरवर हे ऐकलं आणि म्हणाले, वर्गात दोन मुलांना सारखाच घडा काढायला द्यायचो, एकाला पेन्सिल एकाला कोळसा, दोघांचे कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळायचं नाही काय जमलं ते. विषय तिथे संपला.

चेकअपवाला गट म्हणजे वाऱ्यावर सोडलेला असं मला वाटायचं, ते मात्र पूर्ण चूक निघालं. दर दोन महिन्यांनी तारीख ठरलेली, त्या दिवशी ओपीडीच्या रांगेत नाही तर वरच्या खोलीतून सरळ डॉक्टरांकडे. वजन, रक्त, मान चाचपणं, आणि तोंड किती उघडतं ते मोजणं. यासाठी एक छोटी प्लास्टिकची पट्टी आहे, वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये धरतात. रेडिएशननंतर नानांचं तोंड २४ मिलिमीटर उघडत होतं, पोळीचा घासही आडवा धरून घालायला लागायचा. त्या मुलीनं आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची गड्डी बांधून दिली, रोज दहा मिनिटं दातात धरायची, जमेल तशी एकेक काडी वाढवायची. आठ महिन्यांनी आकडा आला ३३. त्या दिवशी नाना परत येताना छप्पन दुकान या खाऊगल्लीत उतरले आणि पोहे खाल्ले, चमच्यानं, नीट, शेव पण टाकली भिजवून. सून म्हणून सांगते, त्या पट्टीवरच्या नऊ मिलिमीटरसाठी मी या विभागाला जन्मभर विसरणार नाही.

इथपर्यंत पाच स्टार. दीड स्टार कुठे गेले ते आता.

अकराव्या महिन्यात व्हिजिटच्या आदल्या दिवशी फोन आला नाही. तिचा फोन यायचाच, बाबूजी कल खाली पेट आना है म्हणून. आम्ही तरी गेलो, खोलीला कुलूप. खाली विचारलं तर मॅडम गेल्या म्हणे, दुसरी नोकरी लागली. तिच्या जागी कोण? येतील कोणीतरी. नाना ओपीडीच्या रांगेत साडेतीन तास बसले, ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांना ट्रायलचं काहीच माहीत नव्हतं, तोंड मोजलं नाही, आमच्या फाइलीत त्या तारखेसमोर काहीच नाही. पुढच्या व्हिजिटला तेच. त्याच बाकावर बडवानीकडचे एक काका भेटले, गोळीवाल्या गटातले. पहाटे चारला बस पकडून आले होते, त्यांच्या पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एक डायरी, रोज गोळी घेतली की टिक करायची. डायरी दीड महिन्यापूर्वी संपलेली, नवीन द्यायला कोणी नाही म्हणून त्यांनी नातवाच्या वहीचं पान फाडून त्यावर रेघा मारल्या होत्या आणि टिका चालू ठेवल्या होत्या. गोळ्या मात्र चारच उरलेल्या. बसभाड्याचे आधीच्या दोन खेपांचे पैसेही यायचे होते. ती वही बघून मला रडूच आलं. तो माणूस आपलं काम इतक्या निष्ठेनं करतोय आणि समोर कुलूप.

मी घरी येऊन फॉर्मची आमची कॉपी काढली. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या सेक्रेटरींचा नंबर होता, तुमच्याही फॉर्मवर कमिटीचा नंबर शोधून ठेवा. फोन केला, काकांचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, लेखी मागितलं, मी त्याच रात्री लिहून पाठवलं. चौथ्या दिवशी काकांच्या गोळ्यांची सोय झाली, तीन आठवड्यांनी नवीन कोऑर्डिनेटर आला, तरुण मुलगा, आल्या आल्या सगळ्यांना फोन करून माफी मागितली, चूक त्याची नसताना. पण नानांच्या दोन व्हिजिटचे आकडे गेले ते गेलेच.

राग उतरल्यावर मी त्या आधीच्या मुलीला फोन केला, का सोडलंस म्हणून. तिला सात महिने पगार तुकड्या-तुकड्यात मिळत होता. कंपनीच्या ट्रायलला पैसा असतो, डॉक्टरांच्या स्वतःच्या ट्रायलला ग्रँट असते, ती हप्त्यानं येते, हप्ता अडकला की पहिला पगार अडकतो कोऑर्डिनेटरचा कारण तिची पोस्टच नाहीये, ती प्रोजेक्टवर आहे. चार ट्रायल, सव्वाशे पेशंट आणि ती एकटी. आता एका औषध कंपनीचं काम करते, दुप्पट पगारावर. तिला कोण दोष देणार.

मला यातलं कळलेलं मर्म एवढंच आहे. आपण म्हणतो देशात ट्रायल वाढायला हव्यात, मोठी हॉस्पिटलं हवीत, मशिनं हवीत. पण ट्रायल ज्या एका खुर्चीवर उभी आहे ती खुर्ची कोणाच्याच बजेटमध्ये कायमची नाही. आणि हे फक्त आपल्याकडेच असंही नाही. अमेरिकेत सरकारी पैशावर कॅन्सरच्या ट्रायल करणारे ग्रुप १९५५ पासून आहेत, तरी २०१० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या कमिटीनं तपासणी केली तेव्हा निघालं काय, तर सुरू झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के ट्रायल पूर्णच होत नव्हत्या, नुसती सुरू करायलाच दोन-दोन वर्षं जात होती आणि दर पेशंटमागे हॉस्पिटलला मिळणारे २००० डॉलर १९९९ पासून तेवढेच राहिले होते, खर्च त्याहून कितीतरी जास्त. हॉस्पिटलं पदरचे घालून करत होती. मग त्यांनी ग्रुप एकत्र केले, २०१४ मध्ये नवीन राष्ट्रीय जाळं उभं केलं, जास्त पेशंट सांभाळणाऱ्या सेंटरना दर वाढवून दिला. म्हणजे एवढ्या श्रीमंत देशालाही शेवटी तळातल्या माणसाच्या पगारापाशीच यावं लागलं.

आपल्याकडे जाळं आहे. देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून आहे, तीनशेच्या वर सेंटर त्यात आहेत. आपल्या लोकांनी काय काय करून दाखवलंय तेही बघा. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती भुलीचं साधं इंजेक्शन द्यायचं, शंभर रुपयांच्या आतलं, टाटा मेमोरियलच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमनं देशातल्या ११ सेंटरमध्ये सुमारे १६०० बायकांवर ते तपासलं, आणि पाच वर्षांनी कॅन्सर परत न येता जगणाऱ्या बायका इंजेक्शन न दिलेल्या गटात साडेब्याऐंशी टक्क्यांच्या जवळपास होत्या, इंजेक्शनवाल्या गटात साडेशहाऐंशीच्या वर. कुठली कंपनी असल्या इंजेक्शनची ट्रायल काढेल, विकायचं काय त्यात? ते काम सुरू झालं २०११ ला आणि निकाल सांगितला २०२२ ला. अकरा वर्षं त्या सेंटरमध्ये कोणीतरी त्या बायकांना फोन करत होतं, ताई कशा आहात, तारीख जवळ आलीये, या. मला तर आता असल्या बातम्या वाचल्या की डॉक्टरांच्या नावामागे ते फोन करणारे दिसतात.

म्हणून माझं म्हणणं, ग्रिडमधल्या प्रत्येक सेंटरला दर ठरावीक पेशंटमागे एक कोऑर्डिनेटर पक्क्या पगारावर हवा, ग्रँट येवो न येवो, जशी नर्सची पोस्ट असते तशी. आणि सोडून जाणाऱ्यानं पंधरा दिवस तरी नवीन माणसासोबत बसलं पाहिजे. दुसरं म्हणजे बडवानी, झाबुआ, खरगोनच्या पेशंटला नुसत्या रक्तासाठी इंदूरला का बोलवायचं, जिल्हा हॉस्पिटलात रक्त काढा, फोनवर विचारा, तीन महिन्यांतून एकदा इथे बघा. फॉर्म ज्या भाषेत आहे तो त्या भाषेत रोज बोलणाऱ्या दोन साध्या माणसांना आधी वाचायला द्या, डॉक्टर सोडून. आणि ट्रायल संपली की निकाल काय लागला ते पेशंटला एका पानावर कळवा. नाना दर वेळी विचारतात, गोळीवाल्यांचं कसं चाललंय? त्यांना उत्तर मिळायचं तेव्हा मिळेल, आधी मिळूच नये हेही त्यांना पटलंय, पण मिळायला हवं.

कोणाच्या घरी पेशंट असेल तर कामाचं सांगते. देशातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआय नावाच्या सरकारी साइटवर असते, २००७ पासून आहे, औषधांच्या ट्रायलची नोंद तिथे २००९ पासून सक्तीची आहे, बघायला पैसे लागत नाहीत. आजाराचं नाव टाका, ट्रायल उघडली की कुठल्या शहरात कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे, कोणाला घेतात, भरती चालू आहे का बंद, सगळं दिसतं. इंग्रजीत आहे, घरातल्या कॉलेजच्या मुलाला बसवा. नोंद आहे म्हणजे सरकारनं औषध चांगलं ठरवलं असं नाही, नोंद म्हणजे फक्त नोंद. ते पान प्रिंट काढून आपल्या डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून ट्रायलचं बोलायला त्यांच्याकडे वेळ नसतो, विचारलं की सांगतात.

साडेतीन स्टार हे असे दिलेत. समजावणं आणि तपासणी पाचपैकी पाच, मधल्या चार महिन्यांना शून्यच, आणि नवीन मुलगा आल्यापासूनचं काम चांगलं चाललंय, तोही आदल्या दिवशी फोन करतो. जाणार असाल तर मंगळवार किंवा शुक्रवार, सकाळी साडेनऊच्या आत, लिफ्टनं दुसरा मजला, डावीकडे रेकॉर्ड रूमच्या पलीकडे. बसची ओरिजिनल तिकिटं जपा, झेरॉक्स चालत नाही. फॉर्मची कॉपी मागून घ्या, दिली नाही तर तिथून हलू नका. नानांची पुढची व्हिजिट पुढच्या शुक्रवारी आहे, बडवानीच्या काकांचीही त्याच दिवशी ठेवून घेतलीये, त्यांच्यासाठी मऊ पोळ्या आणि पिठलं डब्यात नेणार आहे.